बाबांच्या हिरव्या गाडीचा भाव

सिहोऱ्याला मी एका सहीसाठी गेले. सही नाशिकला बसूनही झाली असती. माझ्या धाकट्या बहिणीने, नंदूने, तसं सुचवलंही होतं, "कागद पाठवते ताई, नोटरी करून परत पाठव." मीच म्हटलं, येते. तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, आणि तेवढ्या काळात मी तिच्या सासरी दोनदाच गेले होते. एकदा बारशाला, एकदा सासऱ्यांच्या तेराव्याला. या वेळी मात्र मला जायचंच होतं. ती गाडी मला एकदा बघायची होती, आणि तिला एवढा भाव देणारा माणूसही.

गाडी आमच्या बाबांची. इंग्लंडात बनलेली, दोनच सीटांची, तारांच्या चाकांची, कापडी टप मागे सारता येणारी, गडद हिरवी. देवळालीच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून बाबांनी ती घेतली तेव्हाच ती जुनी झाली होती, आणि असल्या गाड्या तेव्हा कुणाला नको असत. बाबा कारखान्यात नकाशे काढायचे. आमच्या आळीत इतरांच्या दारात स्कूटर होती आणि आमच्या दारात ही.

बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली. आई आधीच गेली होती. आम्हा दोघी बहिणींसाठी दोन गाड्या राहिल्या: ही हिरवी, आणि बाबांनी निवृत्तीनंतर घेतलेली चार दारांची पांढरी, जेमतेम वर्षभर वापरलेली. मी तेव्हाही बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर होते. मोठेपणाच्या हक्काने मी नंदूला गाड्यांच्या किमती समजावल्या. नवी गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत घसरते, पहिली दोन-तीन वर्षं सर्वांत जास्त, मग हळूहळू, आणि पंधराव्या वर्षी आमच्या तक्त्यात शून्य येतं. हिरवी त्या शून्याच्या कधीच पलीकडे गेली होती. "तुला पांढरी हवी असली तर घे," असंही मी म्हणाले, पण तिने नाही म्हणावं अशाच आवाजात. ती म्हणाली, "मला हिरवी दे." मला हायसं वाटलं. तिची थोडी कीवही आली.

गोंदियाकडे कांदा घेऊन निघालेल्या एका ट्रकात, कांद्याच्या गोण्यांशेजारी, हिरवी नाशिकहून गेली. पांढरी माझ्याकडे राहिली. तक्त्यात लिहिल्याप्रमाणे ती वर्षावर्षाला उतरत गेली, आणि शेवटी भंगारवाल्याने वजनावर नेली.

आणि परवा नंदूने फोनवर हिरवीला आलेला आकडा सांगितला. मी तो पुन्हा सांगायला लावला. इथे तो लिहीत नाही. हेवा वाटायला लागला की माणूस आकडे फार बारकाईने वाचतो, हे मी स्वतःवरून सांगते. गाडीचं पुस्तक अजून बाबांच्याच नावावर होतं, म्हणून विक्रीला दुसऱ्या वारसाची हरकत नाही अशी सही हवी होती. दुसरी वारस मी. रेल्वेत बसले तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की अर्धा वाटा मागायचा.

पहिला दिवस : तुमसर रोड

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी तुमसर रोड स्टेशनला उतरले तेव्हा हवेत गारवा होता आणि कापलेल्या धानाचा सुका वास. धनराजराव, म्हणजे नंदूचे यजमान, मोटारसायकल घेऊन येतील असं मला वाटलं होतं. बाहेर आले तर रिक्षांच्या रांगेत हिरवी उभी, टप उघडलेला, आणि स्टेअरिंगवर डोक्याला रुमाल बांधलेली माझी बहीण.

भोवती दहा-बारा माणसं असतील. कुणी चाकाच्या तारांवरून बोट फिरवत होतं, कुणी मोबाइलवर फोटो काढत होतं. चहावाल्याने नंदूला कप आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत. "शेवटचे दिवस आहेत ना जी हिचे," तो म्हणाला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पन्नाशीची बाई, चाकांची बॅग, बँकेत जाताना नेसते तसली साडी. मला कशाला कुणी पाहील?

बॅग मागे मावेना. दोन सीटांच्या गाडीत सामानालाही जागा मोजकीच असते. शेवटी ती मांडीवर घेऊन बसले.

या सीटवर मी याआधी किती वेळा बसले होते ते बोटांवर सांगता येईल. लहानपणी रविवारी बाबा गंगापूर धरणाकडे चक्कर मारायचे. सीटा दोन, म्हणजे मुलगी एकच नेता येणार. आईने पाळी ठरवून दिली होती, एक रविवार माझा, एक नंदूचा. माझ्या तिसऱ्या की चौथ्या रविवारी मला गाडी लागली आणि मी सीटवरच ओकले. बाबा रागावले नाहीत. त्यांनी घरी येऊन सीट धुतली, मला लिंबू दिलं. पण पुढच्या माझ्या रविवारी ते म्हणाले, "तुला त्रास होईल गं, राहू दे." मग राहूच दिलं. नंदूला कधी काही लागलं नाही. वाऱ्यात केस उडवत ती परत यायची आणि मी गॅलरीतून बघायचे.

तुमसरमध्ये तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल तिखट चण्याचा रस्सा घालून देतात. नाशिकला आपण मिसळीवर जेवढी तर्री घेतो, तेवढी इथे पोह्यांवर. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नंदूने वरून आणखी मागून घेतली. दुकानदाराशी ती बोलली ते ऐकून मी तिच्याकडे बघत राहिले. "मले कमी टाकू नका जी, ताईले बी थोडी द्या." माझ्याशी बोलताना मात्र ती पुन्हा आमच्या नाशिकच्या बोलीवर येत होती. तिच्याकडे दोन भाषा होत्या आणि दोन्हींत ती घरची होती. मला नाशिकमध्येसुद्धा कधी कुणी फुकट चहा पाजल्याचं आठवत नाही.

सिहोऱ्याकडचा रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली चौकोनी शेतं. काही कापून मोकळी, काहींत अजून पिवळं पीक उभं. मधूनमधून धानाच्या भाऱ्यांचे गोल ढीग, त्यांना इथे पुंजणे म्हणतात. आपल्याकडे द्राक्षाच्या बागेत उभं राहिलं की पुढचं शेत दिसत नाही. इथे नजर पोचेल तिथपर्यंत रस्ता दिसतो आणि रस्त्यावरच्या माणसांना आपणही दिसतो. प्रत्येक गावात लोक हात करत होते. नंदू प्रत्येकाला नावाने हाक मारत होती.

घरी तिच्या सासूबाई ओसरीवर बसून होत्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. "आली का वं बाई? लय वर्साची आली," म्हणाल्या, आणि मला पाय धुवायला पाणी द्यायला लावलं. जेवायला चिन्नोर तांदळाचा भात होता. हा बारीक, वासाचा तांदूळ धनराजराव स्वतः पिकवतात. त्याच्यासोबत लाखोरीची डाळ आणि मरळ माशाचं कालवण. आपल्याकडे पोळी-भाजी होते आणि मग भात येतो. इथे भात पहिला, भात मधला आणि भातच शेवटचा. मी तीनदा घेतला.

जेवताना धनराजराव हसत म्हणाले, "मी त पहिल्याच वर्सी म्हणलो होतो ताई, इकून टाक म्हून. हिनं काई आयकलं नाई. आता गावातले लोक मलेच हासून राहिले."

"विकून काय करणार?" मी विचारलं.

"लहानशी धानगिरणी टाकायची," नंदू म्हणाली. "इथल्या मोठ्या गिरणीत चिन्नोरचा दाणा तुटतो. तुटला की भाव गेला."

मी मान डोलावली. अर्ध्या वाट्याचं बोलायला तीच वेळ बरी होती, पण सासूबाईंनी माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि ते राहिलं.

दुसरा दिवस : नाकाडोंगरी

गाडीचे काही मूळ सुटे भाग ती दुरुस्त करणाऱ्या नाकाडोंगरीच्या लखनभाऊंकडे होते. ते गाडीबरोबर द्यायचे ठरलं होतं, म्हणून आम्ही दोघी निघालो. तुमसरवरून उत्तरेला वळलं की धानाची सपाटी संपते आणि जंगल सुरू होतं. सागाची मोठमोठी वाळकी पानं रस्त्यावर पडलेली. पुढे मॅंगनीजच्या खाणींचा पट्टा. काळी धूळ, काळ्या कडांचा रस्ता, ट्रकवाल्यांचे काळे चेहरे. नंदूने माझ्या हातात एक ओला रुमाल दिला आणि म्हणाली, "तोंडाला बांध. ही धूळ आठवडाभर निघत नाही."

वाटेत गाडी तापली. बॉनेटमधून वाफ यायला लागली तशी नंदूने ती एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी केली. मनातून मला बरं वाटलं, हे लपवत नाही. एवढ्या किमतीची गाडी, आणि रस्त्याच्या कडेला वाफ सोडत उभी. पाळीवर एक मासेमार जोडपं जाळं वाळत घालत होतं. नवऱ्याने काही न विचारता ॲल्युमिनियमच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी आणून दिलं. बाईने मला विचारलं, "तुमी हिच्या बहीण का जी?"

"हो. मोठी."

"दिसत नाई," ती म्हणाली, आणि जाळं झटकायला लागली. तिच्या मनात काही नसणार. मला मात्र ते वाक्य परतीपर्यंत पुरलं.

लखनभाऊ तीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. आता त्यांचं स्वतःचं पत्र्याचं शेड आहे. त्यांच्या हाताची कातडी जाड आणि बोटं नखांपर्यंत काळी. गाडीचा आवाज ऐकूनच ते बाहेर आले आणि मला नमस्कार करायच्या आधी बॉनेटला हात लावून म्हणाले, "तापली व्हय?"

चहा पिताना त्यांनी मला गाडीची अठरा वर्षं सांगितली.

"पहिल्यांदा पाहली त मी हासलो ताई. म्हटलं, ही हिरवी बेंडकी कायले आनली बाईनं. लोकं बी बेंडकीच म्हणत. मंग बाहीर गावचे दोन-चार लोक येऊन पाहून गेले. त मंग लोकं जुनी गाडी म्हणाले लागले. मंग एक जन आला, त्यानं पैशाचं इचारलं, ताई नाई म्हणली. दुसऱ्या वर्सी तोच आला अन् जास्त बोलला. तवापासून गावात सारे ॲंटिक म्हंतात." ते थोडं हसले. "गाडी तेच आहे. नट बी तेच, मीच पाडले लेथवर."

"इतकी वर्षं तुम्ही काय घेतलंत तिच्याकडून?" मी विचारलं. प्रश्न विचारला आणि मलाच तो माझ्या टेबलावरचा वाटला.

"सामानाचे पैसे. मजुरी कायची घ्यायची? अशी गाडी खोलाले भेटते कुठं?"

त्यांनी एक खोकं आणून दिलं. त्यात मूळ कार्बोरेटरची जोडी होती, तेल लावून, कापडात गुंडाळलेली. खोकं त्यांनीच गाडीत ठेवलं. नंदूने त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी तोंड फिरवून शेडमधलं काहीतरी शोधायला सुरुवात केली. मी गाडीत बसून राहिले होते. बाबांच्या गाडीसाठी एक परका माणूस तोंड फिरवतो आणि मला काय वाटतं, तर ही माणसं हिलाच कशी मिळतात.

परतताना नंदू म्हणाली, "बाबा असते तर त्यांचं आणि लखनभाऊंचं फार जमलं असतं."

"बाबांचं तुझ्याशी जमायचं तेवढंच," मी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही, किंवा तिने तसं दाखवलं.

तिसरा दिवस : सिहोरा

गिऱ्हाईक हैदराबादचं होतं. श्रीनिवास नाव, चाळिशीचा, मऊ बोलणारा. स्वतःसाठी नव्हे, जुन्या गाड्या जमवणाऱ्या श्रीमंतांसाठी तो गाड्या शोधतो. येताना छोटा आरसा, विजेरी आणि एक लोहचुंबक घेऊन आला होता. लोहचुंबक पत्र्यावरून फिरवून तो कुठे पत्र्याऐवजी पुट्टी भरलीय ते बघत होता. अंगणात उकिडवा बसून, मग पाठीवर झोपून त्याने गाडी तासभर तपासली. मी दोरीच्या खाटेवर बसून बघत होते. माझ्या नोकरीत मी गाड्या कागदावर बघते.

त्याचं काम झाल्यावर मी विचारलं की जुन्या गाडीचा भाव चढतो कसा, कारण आमच्या तक्त्यात असं काही नाही. तो हिंदीत बोलला. मी त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगते. गाडी आधी पडते, म्हणाला. मग वीस-तीस वर्षं तळाला पडून राहते. त्या काळात बहुतेक जण ती विकतात, तोडतात. एकीकडे गाड्या कमी होत जातात, आणि दुसरीकडे ज्या पोरांनी लहानपणी ती दुसऱ्याच्या दारात पाहिली ती मोठी होतात. त्यांच्या हातात पैसा आला की भाव वर जातो. "जिनको बचपन में बैठने नहीं मिला, मॅडम, असली खरीदार वही लोग हैं," तो म्हणाला. आणि ती पिढी म्हातारी झाली की भाव पुन्हा उतरतो. आजच्या तरुणांनी लहानपणी वेगळ्या गाड्या पाहिल्या, त्यांना पुढे त्या हव्या होतील. म्हणून हिरवी विकायची तर हीच वेळ.

तो माझ्याबद्दलच बोलत होता. फरक एवढाच की माझ्याकडे पैसा नव्हता.

नंदू आत स्वयंपाक बघत होती. श्रीनिवास हात धुवायला मागच्या विहिरीकडे गेला आणि मी त्याच्या मागोमाग गेले. मला एक गोष्ट माहीत होती. गाडीचं इंजिन मूळचं नव्हतं. मी कॉलेजात असताना कसाऱ्याच्या घाटात बाबांचं मूळ इंजिन तडकलं होतं, आणि त्यांनी त्या जागी एका देशी टॅक्सीचं बसवलं होतं. नंदू तेव्हा होस्टेलला होती, अकोल्याला शेतकी शिकत होती. तिला हे ठाऊक नसणार असा माझा हिशेब होता. मूळ इंजिन नसेल तर असल्या गाडीचा भाव बराच उतरतो, हे मी येण्याआधी वाचून काढलं होतं. का वाचलं होतं, ते तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

"इंजिन ओरिजिनल नहीं है," मी त्याला सांगितलं. "आपको मालूम होना चाहिए."

त्याने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. "जी," म्हणाला. मी परत येऊन खाटेवर बसले. खोटं तर मी बोलले नव्हते.

जेवायला आम्ही चौघं बसलो, नंदू वाढत होती. श्रीनिवासला भात आवडला. त्याने चिन्नोरचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग नंदूकडे बघून, अगदी कौतुकाने, तो म्हणाला, "आपके घर में सब बड़े ईमानदार हैं. आपने इंजिन का पहले दिन ही फोन पर बता दिया था. आज दीदी ने भी अलग से आकर वही बताया."

नंदूच्या हातात भातवाढी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मग धनराजरावांच्या ताटात भात वाढला, सासूबाईंच्या ताटात वाढला. माझ्यापाशी आली तेव्हा म्हणाली, "घे ताई."

मी ताटातला भात नुसताच कालवत बसले. तो आकडा इंजिन धरूनच होता. तिने सगळ्यात आधी तेच सांगितलं होतं.

श्रीनिवास तुमसरला लॉजवर गेला. उद्या गाडी न्यायला ट्रक घेऊन येणार होता. नंदू भांडी आवरून घरामागच्या खळ्यावर गेली, तिथे चिन्नोरचे पुंजणे होते. थोड्या वेळाने मीही गेले. ती एका भाऱ्यातून लोंबी काढून दाणे हातावर चोळत होती.

"किती खाली येईल असं वाटलं तुला?" माझ्याकडे न बघता तिने विचारलं.

मी एका भाऱ्याला टेकून उभी राहिले.

"अर्ध्यावर?"

"तेवढं नाही," मी म्हणाले. निदान एवढं तरी खरं बोलावं असं वाटलं. "पण तुझा चेहरा पडेल एवढं."

तिने दाणे फुंकले, कोंडा उडाला. "ताई, एक सांगते. बाबांना मी जास्त आवडायचे. तुला माहीत आहे, मलाही माहीत होतं. आई जन्मभर नाही म्हणत राहिली, पण आवडायचे. आता त्याचं मी काय करू? ते काही परत देता येत नाही."

हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. आई म्हणायची, दोघी सारख्या. बाबा म्हणायचे, तुला त्रास होईल. नातेवाईक म्हणायचे, मोठीवर त्यांचा किती भरवसा. मी पंचेचाळीस वर्षं एकटीच ते मनात धरून बसले होते आणि मधूनमधून वाटायचं, आपल्या मनाचेच खेळ असतील. ते तसं नव्हतं. तिनेच सांगितलं. मला वाटलं आता रडू येईल, पण आली ती भूक. दुपारचा भात मी तसाच ताटात ठेवला होता.

"अर्ध्याचं बोलायला आली होतीस ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग बोल."

"आता नको."

हातातले दाणे तिने मला दिले. मी ते चावले. कच्च्या तांदळालाही वास होता.

चहाच्या वेळी ओसरीवर बसून मी कागदावर सही केली. सासूबाईंनी विचारलं, "झालं का वं?" मी म्हटलं, झालं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आत जाऊन माझ्यासाठी पिशवीत चिन्नोर भरून आणला आणि तो माझ्या बॅगेजवळ ठेवला.

चौथा दिवस : कालव्याचा पूल

गाडी नेणारा ट्रक गावात येऊ शकत नव्हता. कालव्यावरचा पूल अरुंद आहे. बैलगाडी आणि ट्रॅक्टर जातात, एवढा लांब ट्रक वळत नाही. म्हणून गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत न्यायची होती. सकाळी नंदूने ती धुतली, टप मागे सारला आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव. मी अठरा वर्षं चालवलीय."

मला गाडी येते, पण ही येत नव्हती. क्लच जड, गिअर उलट्या बाजूला पडल्यासारखे, आणि सीट इतकी खाली की रस्ता गुडघ्यांपाशी आल्यासारखा वाटत होता. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. गल्लीतली माणसं बघत उभी होती. नंदू शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. काही सांगत नव्हती. तिने सांगितलं असतं तर मला राग आला असता, आणि नाही सांगितलं याचाही थोडा आलाच. तिसऱ्यांदा गाडी निघाली.

गावाबाहेर आल्यावर मी दुसरा गिअर टाकला, मग तिसरा. वारा तोंडावर आला. दोन्हीकडे धान कापणाऱ्या बाया कमरेतून सरळ होऊन बघायला लागल्या. अर्धा किलोमीटर असेल. तेवढ्यात मला कळलं की नंदू लहानपणी वाऱ्यात केस उडवत घरी यायची तेव्हा तिला काय मिळालेलं असायचं. कळलं म्हणून हेवा कमी झाला नाही. आधी मी अंदाजाने जळत होते, आता माहिती होऊन जळले.

पुलावर समोरून धानाने भरलेली ट्रॉली आली. मी गाडी कडेला घेतली, आणि कठड्याच्या दगडावर डावा मडगार्ड कर्रकन घासला. वीतभर ओरखडा, हिरव्याखालचा पांढरा रंग दिसेल असा. ट्रॉली गेली. आम्ही दोघी उतरून बघत उभ्या राहिलो.

"चल," नंदू म्हणाली, "तो वाट बघत असेल."

मोठ्या रस्त्यावर श्रीनिवास ट्रकपाशी उभा होता. धनराजराव आमच्या मागून मोटारसायकलवर आले. श्रीनिवासने गाडीला एक फेरी मारली आणि मडगार्डपाशी थांबला.

"ये कब हुआ?"

"अभी, पुल पे," नंदू लगेच म्हणाली. "मुझसे लगा."

कालपर्यंत या बाईने इंजिनबद्दलसुद्धा काही लपवलं नव्हतं. मी म्हणाले, "नहीं. गाड़ी मैं चला रही थी."

श्रीनिवासने आम्हा दोघींकडे बघितलं. मग ओरखड्यावर अंगठा फिरवला, फोन काढून बाजूला गेला, कुणाशी तरी बोलला. परत येऊन त्याने ठरलेल्या रकमेतून रंगाचे म्हणून थोडे कमी केले. फार नाही. नंदूने मान डोलावली. गाडी ट्रकवर चढली, तिची चाकं साखळदंडांनी बांधली, टप ओढून वर ताडपत्री घातली. पुढची कागदपत्रं तुमसरला करायची म्हणून धनराजराव ट्रकमध्ये बसले आणि मोटारसायकल नंदूकडे ठेवून गेले. वळणापर्यंत ताडपत्री दिसत होती.

मला वाटलं नंदू थोडा वेळ उभी राहील. तिने मोटारसायकल स्टँडवरून काढली.

"कमी केलेले तेवढे तुझ्या अर्ध्यातून जातील," ती म्हणाली.

"मी तर नको म्हटलं होतं."

"तू म्हटलंस. मी कुठे हो म्हटलं?" तिने किक मारली. "बस लवकर. मळणीचं यंत्र यायचं आहे, बाया थांबल्या असतील."

मी तिच्या मागे बसले. परतीच्या वाटेवर मोटारसायकल एकदाही जोरात आदळली नाही. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा नंदूला पाठ होता, आणि मला त्याचाही हेवा वाटला.